दप्तर कोण वाचतं?



काशीत मणिकर्णिकेवरून पाण्याच्या वाहत्या दिशेने, म्हणजे उत्तरेकडे, चालत निघालं की आधी शिंदे घाट लागतो, मग संकठा घाट, मग गंगामहाल, आणि त्याच्या पुढे भोसले घाट. खालून पाहिलं तर घाटापेक्षा किल्लाच वाटतो. उंच, जाड दगडी भिंत आणि अगदी वरच्या अंगाला लहान खिडक्या. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला. वर लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. गर्दी दशाश्वमेधावर असते, इकडे निवांत बसता येतं.

मी तिथे बसलो होतो, तेव्हा शेजारी विदर्भातून आलेले एक आजोबा होते. मराठी ऐकून बोलायला लागले. भिंतीकडे बघत त्यांनी विचारलं, "काय हो, राजा नागपुरात आणि काम इथे. दगड किती आला, गवंड्यांना किती दिले, हे त्याला तिथे बसून खरं कसं कळत असेल?"

मी तेव्हा काहीतरी उत्तर दिलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. आजचा भाग त्या प्रश्नावर आहे.

आजच्या ऑफिसात या गोष्टीला 'एमआयएस' म्हणतात. मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम. लांब घडणाऱ्या गोष्टी निर्णय घेणाऱ्यापर्यंत वेळेवर, खऱ्या आणि थोडक्यात पोचवायची व्यवस्था. कॉम्प्युटर आला म्हणून ती जन्माला आली असं आपल्याला वाटतं. तसं नाही. राज्य एका डोळ्याच्या टप्प्याबाहेर गेलं की ही व्यवस्था लागतेच. आणि ती काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी नुसती दिसते.

दिसते म्हणजे काय, हे मी स्वतः अनुभवलंय. नोकरीत असताना दर महिन्याच्या पाच तारखेला मला एक तक्ता वर पाठवावा लागायचा. सतरा रकाने. दोन दिवस त्यात जायचे. एका महिन्यात गडबडीत माझ्याकडून मागच्याच महिन्याचे आकडे गेले, तारीख तेवढी नवीन. चूक लक्षात आली तेव्हा पोटात गोळा आला. आठवडा गेला, महिना गेला, कुणी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, हे आज कबूल करतो. पुढच्या वर्षी त्या तक्त्यात आणखी दोन रकाने वाढले.

तर आता पुण्याला जाऊ. कारण अठराव्या शतकात मराठी माणसाने उभारलेली सगळ्यात मोठी माहितीची व्यवस्था तिथे होती. तिचं नाव हुजूर दप्तर.

पेशव्यांच्या या दप्तरात दोनशेहून अधिक कारकून काम करायचे. सगळं लिखाण मोडीत, हातकागदावर, आणि कागदांचे गठ्ठे कापडात बांधलेले. त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. दप्तराचे मोटमोठे दोन भाग होते. एक 'चालते दप्तर', म्हणजे रोजचं, चालू कामकाज. दुसरं 'एकबेरीज दप्तर'. तिथे सगळ्या खात्यांचे हिशेब येऊन पडायचे आणि त्यांचे 'तर्जुमे' व्हायचे. तर्जुमा म्हणजे जमा, खर्च आणि शिल्लक यांचा गोषवारा. ज्याला राज्य चालवायचं आहे, त्याने हजार कागद वाचायचे नाहीत, गोषवारा वाचायचा. अडलं तर खालचा कागद काढायचा.

एमआयएसची व्याख्या याहून वेगळी काय असते?

पण दप्तराची खरी ताकद गोषवाऱ्यात नव्हती, दोन इतर गोष्टींत होती. पहिली, 'बेहेडा'. वर्षाच्या सुरुवातीला मामलतदाराच्या हाती अंदाजपत्रक दिलं जायचं: तुझ्या मामलतीतून इतकं यायला हवं, इतका खर्च मंजूर. वर्ष संपलं की त्याचा हिशेब या बेहेड्याशेजारी ठेवला जायचा. म्हणजे आकडा एकटा यायचा नाही, आकड्याशेजारी अपेक्षा असायची. आणि अपेक्षा असली की प्रश्न आपोआप तयार होतो: का कमी आलं?

दुसरी गोष्ट, दरकदार. मोठ्या सुभ्यात मामलतदाराच्या हाताखाली दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद, चिटणीस असे अधिकारी असायचे. हिशेब फडणिसाकडे जाण्याआधी मुजुमदाराने पाहायचा. रोकड किती आली, किती उरली ते पोतनिसाने लिहायचं. नाणं खरं की खोटं ते पोतदाराने पारखायचं. यांची नेमणूक वरून, सरकारातून व्हायची. कामावर मामलतदाराचा हुकूम चालायचा, पण मामलतदार त्यांना काढू शकत नसे. हे नीट ध्यानात घ्या. जो माहिती लिहितो त्याची भाकरी, ज्याच्याविषयी लिहितो त्याच्या हातात नव्हती.

आता हे सगळं सोन्यासारखं चाललं होतं असं मी म्हणणार नाही. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात मामलतदारांच्या कमाईच्या वाटा दिल्या आहेत. वसूल लपवणं, न दिलेली सूट दिली म्हणून दाखवणं, शिपायांच्या हजेरीत खोटी नावं. आणि त्यातला वाटा वरपर्यंत पोचायचा. 'दरबारखर्च' आणि 'अंतस्थ' हे शब्द त्यासाठीच होते. तपासणारा भागीदार झाला की तपासणीचा कागद पूर्ण असतो, सह्या जागेवर असतात, आणि आत काही नसतं. तरीही नाना फडणीस होते तोवर दप्तर जागं होतं. ते स्वतः हिशेबातले. कागद मागवायचे, वाचायचे, उलट विचारायचे. खालच्या माणसाला माहीत असायचं की हे वाचलं जाणार आहे.

आता परत काशीला येऊ. कारण याच काळात, नानांच्या डोळ्यांदेखत, काशीत एक प्रसंग घडला आणि त्यात नागपूरकर भोसल्यांचा माणूस होता.

पार्श्वभूमी दोन वाक्यांत सांगतो. १७८० साली नानांनी इंग्रजांविरुद्ध पेशवे, निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले अशी चौघांची जुळणी केली. भोसल्यांनी बंगालवर जायचं ठरलं. मुधोजी भोसल्यांचा मुलगा चिमणाजी फौज घेऊन कटकला गेला, पण अगदी सावकाश. आणि १७८१मध्ये कंपनीने लाखांच्या घरात रुपये देऊन ही फौज बंगालवर येऊच दिली नाही. नानांच्या मसलतीचा एक पाय असा निकामी झाला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉरन हेस्टिंग्ज काशीला आला. काशीचा राजा चेतसिंग याच्याकडून त्याला मोठी रक्कम काढायची होती. १६ ऑगस्टला त्याने राजाला शिवाला घाटावरच्या वाड्यात नजरकैदेत टाकलं आणि शिपायांच्या दोन कंपन्या पहाऱ्यावर ठेवल्या. या शिपायांकडे बंदुका होत्या, काडतुसं नव्हती. राजा नरम आहे, लोक गप्प राहतील, हा अंदाज होता. नदीपलीकडून रामनगरची माणसं धावून आली. शिपाई बहुतेक मारले गेले. राजा खिडकीतून, एकाला एक बांधलेल्या पागोट्यांच्या दोराने, खाली नावेत उतरून निसटला. पाच दिवसांनी, रात्री, बंगालचा गव्हर्नर जनरल काशीतून चुनारच्या किल्ल्याकडे पळाला.

त्या रात्री हेस्टिंग्जबरोबर कोण होतं? बेनीराम पंडित आणि त्यांचा भाऊ विश्वंभर पंडित. बेनीराम हे नागपूरकर भोसल्यांचे कंपनीकडचे वकील. राहणारे काशीचे. हेस्टिंग्जजवळ पैसा उरला नव्हता, तेव्हा विश्वंभर पंडितांनी काशीतल्या घरी असलेले एक लाख रुपये त्याला देऊ केले. हेस्टिंग्जने हे सगळं स्वतःच्या निवेदनात कौतुकाने लिहून ठेवलंय. पुढे कंपनीकडून बेनीरामांना जहागीर मिळाली.

बेनीराम फितूर होते असं मी म्हणत नाही. कंपनीशी गोडीगुलाबी ठेवायची हे मुधोजींचंही धोरण होतं. पण व्यवस्था म्हणून बघा. नागपूरच्या राजाला कलकत्त्यात काय शिजतंय हे ज्याच्या तोंडून कळायचं, त्याचा जीव, पैसा आणि पुढे जहागीर, सगळं कंपनीच्या बाजूला होतं. असा माणूस खोटं बोलेलच असं नाही. पण त्याच्या पत्रात कंपनी कशी दिसेल? मामलतदाराला जे करता येत नव्हतं, ते इथे समोरच्या पक्षाने करून ठेवलं होतं. वार्ताहराची भाकरी ज्याच्याविषयी वार्ता लिहायची त्याच्या हातात गेली होती.

याच प्रसंगातली आणखी एक गोष्ट. चुनारला अडकलेल्या हेस्टिंग्जने बाहेर हुकूम कसे पाठवले? तेव्हा आपल्याकडची माणसं प्रवासात चोराच्या भीतीने सोन्याची बाळी काढून ठेवत आणि भोक बुजू नये म्हणून त्यात कागदाची सुरळी किंवा पिसाची काडी घालत. हेस्टिंग्जच्या चिठ्ठ्या त्या सुरळीतून गेल्या. महादजी शिंद्यांशी तहाची बोलणी करायच्या सूचनाही अशाच गेल्या, आणि १३ ऑक्टोबर १७८१ला कर्नल म्यूरने महादजींशी तह केलाही. बोटभर कागद, पण लिहिणाऱ्याला काय सांगायचं आणि वाचणाऱ्याला काय करायचं, दोन्ही स्पष्ट. माझ्या सतरा रकान्यांची मला तेव्हा आठवण झाली.

काशीतलीच अजून एक गोष्ट सांगतो, आकड्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काशीची लोकसंख्या कंपनीच्या कागदावर ५ लाख ८२ हजारांच्या वर होती. इतकं मोठं शहर! पुढे जेम्स प्रिन्सेप काशीच्या टांकसाळीत आला. ब्राह्मी लिपी वाचणारा तोच हा प्रिन्सेप. त्याने शहराचा नकाशा केला, आणि १८२८-२९च्या सुमारास मोहल्ल्यामोहल्ल्याने मोजणी केली. माणसं निघाली १ लाख ८० हजारांच्या आसपास. आधीच्या मोजणीत घरं आणि मजले धरले होते, आणि एका घरात इतकी माणसं असतीलच असा ठोकताळा लावला होता. मोजणी घरांची, निष्कर्ष माणसांचा. भोसले घाटासारखी उंच इमारत बघून आत किती माणसं असतील, हा अंदाज तुम्ही बांधून बघा. बहुधा चुकेल. वीस-पंचवीस वर्षं तो आकडा कागदावर राहिला, कारण तो कुणाला टोचत नव्हता. ज्या आकड्यावर काही अवलंबून नसतं, तो चुकीचा असला तरी सुखाने जगतो.

आता पुण्याच्या दप्तराचं पुढे काय झालं ते बघू. हा भाग मला सगळ्यात जास्त लागतो.

१३ मार्च १८००ला नाना फडणीस गेले. गादीवर दुसरे बाजीराव होते. त्यांच्या काळात दप्तर इतकं दुर्लक्षिलं गेलं की कारकुनांचा ताफा जवळजवळ मोडला, लोक हवे ते कागद उचलून घरी नेऊ लागले. इंग्रजांच्या ताब्यात दप्तर आलं तेव्हा कॅप्टन मॅक्लिऑडने चौकशी करून हे नोंदवलं आहे.

याचं उत्तर आपण सहसा एका शब्दात देतो. बाजीराव! पळपुटा, नाकर्ता, विषय संपला. पण एवढ्याने समाधान करून घेऊ नका. दप्तर का मोडलं याला कारण आहे, आणि ते स्वभावापेक्षा जास्त शिकवणारं आहे. ते कारण म्हणजे इजारा.

बाजीरावांनी मामलती मक्त्याने द्यायला सुरुवात केली. जो जास्त बोली लावेल त्याला मुलूख. त्याने ठरलेली रक्कम भरायची, रयतेकडून काय काढायचं ते त्याचं तो बघेल. तो पुढे पोटमक्ते देणार. जो तो आपली रक्कम आणि वर नफा काढणार, कारण पुढच्या वर्षी मुलूख आपल्याकडे राहील याची खात्री नाही.

आता सांगा, अशा राज्यात बेहेडा कशाला हवा? गावात पीक किती आलं, पाऊस पडला का, सूट द्यावी का, पडीक जमीन किती लागवडीला आली, हे सरकारला कळून काय उपयोग? सरकारचा एकच प्रश्न उरला होता: बोली किती? त्याच्या उत्तराला दोनशे कारकून लागत नाहीत. मामलतदारावर नजर ठेवणारे दरकदारही मग अडगळ. कारकून आळशी झाले म्हणून दप्तर मेलं नाही. वरून प्रश्न येणं थांबलं म्हणून मेलं.

आणि जो आवाज कागदातून वर जायचा तो बंद झाला. रयतेने गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडे? मक्तेदाराकडेच वसुली आणि त्याच्याकडेच न्याय. नवं दप्तर, नवं सॉफ्टवेअर आणून हे सुधारलं नसतं.

१८१८ साली राज्य गेलं. बाजीराव ब्रह्मावर्ताला गेले. दप्तर मात्र पुण्यात राहिलं, आणि मंडळी, गंमत अशी की ते पुन्हा जिवंत झालं. कारण प्रश्न विचारणारा आला. कोणाला कोणतं इनाम, कोणत्या सनदेने, किती पिढ्यांसाठी? कंपनी सरकारला हे हवं होतं. त्यासाठी इनाम कमिशन आलं, १८५२चा अकरावा कायदा झाला, आणि मोडी वाचणारे आपलेच कारकून बसवून हे रुमाल सोडले गेले. एखाद्या घराण्याने म्हणावं, हे गाव आम्हाला वंशपरंपरेने आहे. कमिशनने दप्तरातला कागद काढून म्हणावं, तुमच्या नोंदीत तसं नाही. किंवा नोंदच नाही. किती घरांच्या जमिनी अशा गेल्या! दक्षिण महाराष्ट्रात १८५७च्या असंतोषामागे ही एक मोठी कळ होती.

म्हणजे बघा, कागद तेच. लिहिणारे हातही मराठी. धन्याने वाचायचं सोडलं, परक्याने वाचायला घेतलं. आणि बाजीरावांच्या काळात जे कागद दप्तरातून बाहेर गेले, त्यांची किंमत पन्नास वर्षांनी कुणाच्या तरी नातवाने मोजली असेल. वाडवडिलांचा हक्क खरा असेल, पण दाखवायला कागद नाही.

पुढे बरीच वर्षं हे दप्तर अभ्यासकांना बंदच होतं. १९३०पासून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड काढले. काशीत पेशव्यांची बांधकामं करवून घेणाऱ्या सदाशिव नाईकांची पत्रं आज आपण वाचू शकतो, ती या दप्तरामुळे. मग तिसरा प्रश्न विचारणारा आला, इतिहास. आणि रुमाल तिसऱ्यांदा सुटले.

तर आजोबांच्या प्रश्नाला आज मी काय उत्तर देईन? नागपुरात बसलेल्या राजाला काशीतलं खरं कळायचं असेल, तर लिहिणारा कारकून बांधकाम बघणाऱ्याच्या मर्जीवर नको. आलेल्या आकड्याशेजारी ठेवायला आपला स्वतःचा एक आकडा हवा. आणि कधीतरी उलट पत्र जायला हवं, की बाबा रे, गेल्या खेपेला चुना इतका होता, या खेपेला दुप्पट का? ते एक उलट पत्र सगळ्यात महत्त्वाचं. ते गेलं की घाटावरचा कारकून पुढचे सहा महिने नीट लिहितो.

तुमच्यापैकी कितीतरी जण आज शाळेत, बँकेत, दवाखान्यात, ग्रामपंचायतीत असे तक्ते भरत असाल. कितीतरी जण ते मागवतही असाल. मागवणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या महिन्यात आलेल्या तक्त्यातला एक आकडा, कुठलाही एक, निवडा आणि पाठवणाऱ्याला फोन करून विचारा, हा असा का? आणि एकही आकडा विचारावासा वाटला नाही, तर तो तक्ता बंद करा. त्या माणसाचे दोन दिवस वाचतील.

मला त्या वर्षी तसा एक फोन आला असता, तर बोलणी खाल्ली असती. पण त्या सतरा रकान्यांचा कुणाला तरी उपयोग आहे, हे कळलं असतं.

इथे थांबतो. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.